सात दिवस ठेवलेली पत्रं

टेकडीवरच्या बंगल्यांचा पिनकोड बदलल्याचं परिपत्रक आलं त्या दिवशी टेकडीवर कुणीतरी गेल्यासारखी शांतता पसरली. आजवर पत्त्याच्या शेवटी शून्य एक होतं, आता सदतीस आलं. आकडा म्हणून सदतीसमध्ये काही खोट नव्हती, पण तो टेकडीखालच्या बाजाराचा होता. गॅरेजं, इस्त्रीची दुकानं, जुन्या लोखंडाचे ढीग, सगळं सदतीस. टेकडीच्या गाड्या तिथेच दुरुस्त व्हायच्या आणि टेकडीचे शर्ट तिथेच कडक होऊन यायचे, त्याला कुणाची हरकत नव्हती. पण त्यांच्याबरोबर एका आकड्यात नांदायचं म्हणजे जरा अतीच झालं.

दातांच्या डॉक्टरांनी फाटकावरच्या संगमरवरात पिनकोडसकट पत्ता कोरून घेतला होता. बायकांच्या मंडळाचं नावच मुळी ‘शून्य एक मंडळ’ होतं. कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या मावशींनी तर पाहुण्यांच्या टॉवेलांवर तो आकडा भरला होता, चोवीस टॉवेलांवर, स्वतःच्या हाताने.

सगळ्या टेकडीत या बदलाने मनातून आनंदलेली व्यक्ती एकच होती, आणि ती टेकडीवर राहत नव्हती. ती तिथे पत्रं वाटायची. पोस्टात तिच्या कामाला नाव होतं पोस्टमन, म्हणून टेकडीने तिला पोस्टमनबाई करून टाकलं होतं.

पोस्टमनबाईला आठ महिन्यांची मुलगी होती. शून्य एकच्या दिवसांत टेकडीची पत्रं शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या पोस्टातून निघत. ती उजाडायच्या आत बस पकडायची आणि परत यायची तेव्हा मुलगी सासूबाईंच्या मांडीवर रडून रडून झोपलेली असायची. दुपारी बाराच्या सुमाराला छाती दुधाने भरून यायची आणि तेव्हा ती कुणाच्या तरी फाटकाशी उभी राहून दुसऱ्याच्या घरच्या लग्नपत्रिका मोजत असायची. सदतीस झाल्यावर टेकडी खालच्या बाजारातल्या पोस्टाकडे आली, आणि ते पोस्ट तिच्या घरापासून चार मिनिटांवर होतं. पहिल्या दिवशी ती साडेबाराला घरी पोचली, तर मुलीने तिच्याकडे चुकीच्या वेळी आलेल्या पाहुणीकडे बघावं तसं बघितलं, मग ओळख पटून दोन्ही हात पुढे केले. त्या दिवसापासून सदतीस हा तिला जगातला सगळ्यात गोड आकडा वाटायला लागला होता.

टेकडी मात्र स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. रहिवासी मंडळाचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते. घरातसुद्धा ते भाजीला मीठ कमी असल्याचं निरीक्षण नोंदवायचे. त्यांनी सभा बोलावली आणि दोन ठराव एकमताने मंजूर करून घेतले. पहिला, डाक खात्याकडे अर्ज करून जुना पिनकोड परत मागायचा. दुसरा, निकाल लागेपर्यंत सदतीस लिहिलेलं एकही पत्र टेकडीने स्वीकारायचं नाही. स्वीकारलं की मान्य केल्यासारखं होतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. अर्ज रजिस्टर्ड पोस्टाने गेला. तो पोस्टात नेऊन द्यायला त्यांनी पोस्टमनबाईच्याच हातात दिला. जपून न्या, म्हणाले. तिने नेला, जपून.

ठरावाची अंमलबजावणी पुढच्या सोमवारी सुरू झाली. पोस्टमनबाई फाटकाशी उभी राहायची, आतून कुणीतरी यायचं, लिफाफ्यावरचा आकडा बघून तोंड फिरवायचं आणि मोठ्याने, शेजारच्या गच्चीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचं की आम्हाला हे नको. डॉक्टरांनी दातांच्या परिषदेचं आमंत्रण नाकारलं. मावशींनी शिवणकामाचं मासिक नाकारलं, पण हात मागे घेताना मुखपृष्ठ वाचून घेतलं.

आता पोस्टाचा एक जुना नियम असा होता की नाकारलेलं पत्र लगेच परत धाडायचं नाही, सात दिवस पोस्टात ठेवायचं. माणसाचं मन पालटू शकतं, हे नियम करणाऱ्याने गृहीत धरलेलं होतं. त्यामुळे खालच्या छोट्याशा पोस्टात टेकडीच्या पत्रांचा ढीग वाढत गेला. पोस्टमास्तरांनी आधी त्याला टेबल दिलं, मग स्वतःची खुर्ची दिली आणि आपण स्टुलावर बसायला लागले.

मंगळवारच्या टपालात अध्यक्षांच्या नावाने एक लांबट रजिस्टर्ड लिफाफा आला. पाठवणार डाक खात्याचं सुनावणी कार्यालय. हे अर्जाचंच उत्तर आहे हे कळायला तो फोडायची गरज नव्हती. सुनावणीची तारीख त्यात असणार. आणि खात्याने पाठवलेला, म्हणजे पत्त्यात सदतीस असणारच, ते चांगलं ठळक टाईप केलेलं होतं.

न्यायाधीशांनी आकडा पाहिला आणि हात पाठीमागे बांधले.

“साहेब, हे तुमच्याच अर्जाचं दिसतंय,” पोस्टमनबाई म्हणाली.

“त्यांनी योग्य पत्त्यावर पाठवावं, मी आनंदाने घेईन. आज यांचं हे पत्र घेतलं तर अर्ज करायचा अधिकारच आम्हाला उरत नाही.”

तिने शेऱ्याच्या जागी ‘घेण्यास नकार’ लिहिलं. पोस्टमास्तर म्हणाले, तुझं काम संपलं. सात दिवसांनी लिफाफा परत जाईल, सुनावणीला कुणी येणार नाही, अर्ज आपोआप निकाली. हे सगळं ते तिच्यासाठी खूश होऊन सांगत होते. घरी सासूबाईंनी ऐकलं तेव्हा त्यांनी नातीची दृष्टच काढायची बाकी ठेवली. “अगं, तो स्वतःच्या तोंडाने नको म्हणतोय,” त्या म्हणाल्या. “तू कशाला पदर खोचून त्याच्या मागे लागतेस? गप्प बस की सात दिवस.”

पोस्टमनबाई गप्प बसली खरी. पण त्या दुपारी मुलीला पाजायला घेतलं आणि डोळ्यांपुढे तो लांबट लिफाफा आला. मुलीने दूध ओढता ओढता तिच्या युनिफॉर्मचं बटण धरून ठेवलं होतं, आणि हिला वाटलं, हे पोर या बटणाच्या जिवावर आपल्याजवळ आहे, आणि हे बटण असे लिफाफे पोचवण्याच्या जिवावर आहे. बुधवारी तिने तो मुकाट्याने पिशवीत घातला आणि पुन्हा टेकडी चढली.

बुधवारी त्याच्याबरोबर आणखी एक पत्र होतं. न्यायाधीशांच्या परगावी राहणाऱ्या लेकीच्या लेकीचं. नात पाच वर्षांची, नुकतीच आकडे शिकलेली, आणि पत्ता आईने लिहिला असला तरी पिनकोड तिने स्वतः घातला होता, लाल खडूने, लिफाफ्याच्या अर्ध्या भागात मावेल एवढा. त्यातला सात उलटा होता. पोस्टमनबाईने दोन्ही पुढे केली. समोरच्या गच्चीत डॉक्टर उभे होते, कोपऱ्यावर मावशी फुलझाडांना नको तेवढं पाणी घालत होत्या. न्यायाधीशांनी नुसता लाल आकडा पाहिला, अक्षर पाहिलं नाही. “दोन्ही परत,” ते म्हणाले. आतून त्यांच्या पत्नी लगबगीने येत होत्या, पण तोवर फाटक लागलं होतं.

पोस्टमनबाईने संध्याकाळी सासूबाईंना हे सांगितलं, तर सासूबाई पहिल्यांदाच टेकडीच्या बाजूने हळहळल्या. त्या पोरीचा सात उलटा होता ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. गुरुवारी तिसऱ्यांदा लिफाफा वर गेला आणि तिसऱ्यांदा खाली आला. त्या दिवशी न्यायाधीशांचा चेहरा उतरलेला होता. घरात तीन वेळचं जेवण वेळेवर मिळत होतं, फक्त ते वाढताना कुणी एक शब्दही बोलत नव्हतं.

आणि मग आला पुढचा सोमवार, पहिल्या दिवशी नाकारलेल्या पत्रांचा शेवटचा दिवस.

टेकडीवरच्या प्रत्येक घराने दिवस मोजले होते. प्रत्येकाने असाही हिशेब केला होता की सकाळी अकराला बाकीचे सगळे टेनिस कोर्टावर असतात, तेव्हा आपण हळूच खाली उतरावं. अकराला पोस्टमनबाई फेरी आटोपून परत आली तर पोस्टाबाहेर बाजारातली माणसं घोळक्याने उभी. आत शिरायला जागा नव्हती. काळा चष्मा लावलेले डॉक्टर, त्यांच्यामागे टोपी डोळ्यांवर ओढलेला कारखानदार, त्याच्यामागे मावशी. सगळे भिंतीवरचा पोस्टाच्या वेळांचा तक्ता मन लावून वाचत होते. सहा ओळींचा तक्ता होता, पण वाचून संपत नव्हता.

पत्र सोडवायचं तर चिठ्ठी भरावी लागे. स्वतःच्या हाताने नाव, पत्ता, पिनकोड आणि सही, आणि पिनकोड लिफाफ्यावरच्याशी जुळला नाही तर पत्र मिळत नसे. डॉक्टरांनी आकड्याच्या जागी काहीतरी गिरगटलं. पोस्टमास्तरांनी चिठ्ठी परत सरकवली आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले की डॉक्टरसाहेब, औषधाच्या दुकानात चालतं हे अक्षर, इथे नाही. डॉक्टरांनी सुवाच्य सदतीस लिहिलं. मागच्या सगळ्यांनी तक्ता वाचला.

साडेअकराच्या सुमाराला न्यायाधीश आत आले. रांगेत एकदम अशी शांतता झाली की बाहेरच्या गॅरेजमधली हातोडी ऐकू यायला लागली. ते तपासणीला आल्यासारखे सगळ्यांवरून नजर फिरवत पुढे निघाले, तेवढ्यात रांगेतली शालीत गुरफटलेली एक बाई वळली.

“अहो, रांग आहे,” त्यांच्या पत्नी म्हणाल्या. “मागून या.”

पाच दिवसांत त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. न्यायाधीश मागे जाऊन उभे राहिले.

त्यांची पाळी येईपर्यंत पत्नीही बाजूला थांबून राहिल्या. नातीचं पत्र तुमच्या नावाचं आहे, तुम्हीच सोडवा, एवढंच म्हणाल्या. न्यायाधीशांनी चिठ्ठी घेतली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, तीन लिहिला आणि पेन थांबलं. पोस्टमनबाई खिडकीच्या आतल्या बाजूला उभी होती. तिने नातीचा लिफाफा काचेवर उभा धरला, आकडा त्यांच्या बाजूला करून.

त्यांनी सात लिहिला. सही केली.

“या चिठ्ठीवर तुमची दोन पत्रं आहेत, साहेब,” ती म्हणाली, आणि लांबट लिफाफाही पुढे ठेवला.

त्यांनी आधी लाल आकड्याचं फोडलं. आत चित्र होतं. घराएवढं मोठं फाटक, आणि त्याच्यामागे काठीसारखे बारीक आजोबा. ते त्यांनी बराच वेळ धरून ठेवलं, मग पत्नीकडे दिलं. लांबट फोडलं तेव्हा मात्र रांगेत जीव आला, कारण सुनावणी दुसऱ्याच दिवशी होती. कारखानदार म्हणाला, वेळ आहे अजून, गाड्या काढू, सगळे जाऊ. डॉक्टरांनी चष्मा काढला. पोस्टमनबाईने घड्याळाकडे पाहिलं. बाराला दहा मिनिटं कमी होती आणि छाती भरून आली होती.

न्यायाधीश मात्र खिडकीतल्या तारेला टोचलेल्या चिठ्ठ्यांकडे बघत होते. त्यांनी त्या मागून घेतल्या आणि एकेक उलटल्या. एकेचाळीस होत्या. सगळ्या टेकडीच्या, सगळ्या स्वहस्ते, सगळ्या सदतीस. शेवटची त्यांची स्वतःची होती.

“ही उद्या खात्याच्या फाइलीत असणार,” ते म्हणाले. “समोर मी बसलो असतो तर काय केलं असतं?” त्यांनी घसा साफ केला आणि आवाज आपोआप जुना झाला. “अर्जदारांनी नवा पत्ता स्वतःच मान्य केलेला आहे. अर्ज फेटाळण्यात येतो.”

मावशींनी शिवणकामाचं मासिक छातीशी धरलं आणि पुटपुटल्या की टॉवेल उसवता येतात.

जाता जाता न्यायाधीश खिडकीशी परत आले. हा लिफाफा तुम्ही तीनदा वर आणलात, नियमाने एकदाच आणायचा असतो, असं ते हलक्या आवाजात म्हणाले. तुम्हाला काही फरक पडत होता का?

“फार पडत होता, साहेब. तुम्ही जिंकला असता तर मला पुन्हा पहाटेची बस होती. घरी अंगावर पिणारं मूल आहे.”

“मग आणलंत कशाला?”

“पत्र तुमचं होतं,” ती म्हणाली, आणि मग पोस्टमास्तरांकडे वळून, “बारा वाजले. मी निघू का?”

ती धावतच घरी गेली. मुलीने भूक लागल्याची तक्रार आधी मोठ्याने नोंदवली, मग बटण मुठीत घट्ट धरलं आणि पिता पिता झोपून गेली. सासूबाई दारात बसून सगळं ऐकत होत्या आणि डॉक्टरांच्या अक्षराचा भाग त्यांनी पुन्हा सांगायला लावला.

पंधरा दिवसांनी न्यायाधीशांच्या फाटकावर नवी पितळी पाटी लागली. आकडा नातीच्या लिफाफ्यावरून जसाच्या तसा कोरलेला होता, सात उलटा. पोस्टमनबाई पाटीपुढे थांबून एकटीच हसत होती, तेवढ्यात डॉक्टर जवळ आले. न्यायाधीशांनी सात असा का काढलाय, त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, आणि ती काही बोलायच्या आत, हल्ली अशीच पद्धत आहे का?

तिला घाई होती. असेल, म्हणाली.

पुढच्या सोमवारी डॉक्टरांच्या संगमरवरातही सात उलटा होता.