शेवाळातला घरजावई

लग्नानंतर प्रवीण दहिवलीला सासुरवाडीत राहायला गेला, म्हणून त्याची आई आनंदीबाई साजगावात वर्षभर फुगून बसल्या होत्या. आज एकदाच्या आल्या, तर कॉलेजात शिकवणाऱ्या सुनेने, सोनालीने, त्यांना तळ्यातलं शेवाळ सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. शेवाळाच्या एकमेकांना टेकलेल्या दोन दोऱ्यांमध्ये पूल झाले होते आणि एका दोऱ्यातले हिरवे गोळे पलीकडे गेले होते.

“ह्यांच्यातला नर मादीच्या घरी जातो, आई. तिथंच बी धरतं.”

“म्हंजे हितंपन घरजावईच!” आनंदीबाई खो खो हसल्या. मग त्यांनी पुन्हा भिंगाला डोळा लावला.

“आन् मागं काय ऱ्हातं गं?”

“नुसतं रिकामं घर.”

आनंदीबाईंनी भिंगावरून डोळा काढला.

“मंग मी तिकडं कशाला बसू? प्रवीणला टेंपो सांगायला लाव. माझा पाटा-वरवंटा आणायचा हाय.”