पहिला अध्याय नसलेली गीता

मी एक गीता बोलतेय, पण इंग्रजीतली. लगेच नाक मुरडू नका. मी देवघरात नव्हे, गुडघ्यावर फाटलेल्या पँटींच्या खिशांत वाढले, आणि मला त्याची यत्किंचितही लाज वाटत नाही.

माझा भाषांतरकार एक गोरा, अबोल माणूस. तरुणपणी त्याने खरंखुरं युद्ध पाहिलं होतं आणि त्यात धाकटा भाऊ गमावला होता. पुढे त्याच्या देशातली पोरं चर्चकडे पाठ फिरवून, अनवाणी पायांनी मनःशांती शोधत हिंडू लागली, तेव्हा त्याने संस्कृत शिकून मला लिहिलं. रणांगणाचं त्याने मन केलं, शत्रूंचे विकार केले आणि धनुर्धराचा साधक. पहिला अध्याय तर गाळूनच टाकला. शंख, रथ, समोरासमोर उभे ठाकलेले भाऊबंद, हे काही त्याच्याने लिहवेना. प्रस्तावनेत त्याने तसं सरळ कबूल केलंय. पण प्रस्तावना वाचतो कोण?

मी हातोहात खपले. निजताना मला उशाशी घेणारे भेटले, तसे माझ्यावर चहाचा कप ठेवणारेही. दुबईला मी एका योगशिक्षिकेच्या पिशवीतून आले. एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात ती दुपारी आसनं शिकवायची. २००८ ची मंदी आली आणि कंपनीने सगळ्यात आधी तिचा वर्ग बंद केला. जाताना तिने मला गुणवंतच्या टेबलावर ठेवलं. "ही तुमचीच आहे," एवढंच म्हणाली.

गुणवंत पुण्याचा, त्याच कंपनीत प्लॅनिंग इंजिनियर. शाळेत असताना त्याने बारावा आणि पंधरावा अध्याय घडाघडा म्हणून बक्षीस मिळवलं होतं. अर्थ विचारायची आपल्याकडे फारशी पद्धत नाही. तो अर्थ त्याला पहिल्यांदा माझ्यात सापडला, आणि गडी माझ्या प्रेमातच पडला.

दिवाळीनंतर त्याचीही नोकरी गेली. व्हिसा रद्द झाला की महिनाभराची मुदत. तेवढ्यात दुसरं काम मिळालं नाही तर अल बर्शातलं घर, बायको अनुपमाची शिक्षिकेची नोकरी, मुलगी शुभ्राची शाळा, सगळं गुंडाळून परत जायचं. आजूबाजूला रोज कुणाचं तरी सामान बांधून होत होतं. आणि हा बाबा मला मांडीवर घेऊन बाल्कनीत बसलेला!

"सरेंडर करायचं, अनु. फळाची आसक्ती सोडली की मग टेन्शनच नाही. मी अगदी शांत आहे."

"अरे, इद्रीसभाईंचा परत फोन येऊन गेला. उचल की एकदा!"

इद्रीस रत्नागिरीचा. दुबईपासून जवळच, अजमानला त्याचं इमारतींच्या दुरुस्तीचं छोटंसं काम होतं. त्याला माणूस हवा होता.

"अजमानला? मी टॉवर उभे करणारा माणूस, तिथे जाऊन गळक्या टाक्या बघू? आणि इद्रीसला मी कामं देत होतो अनु, मी! जाऊ दे. डिटॅचमेंट."

माझ्या आड लपून बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिलीत. पण या वेळी मला खरंच राग आला.

मग गीताजयंती जवळ आली. अल बर्शातली मराठी घरं दर वर्षी जमून गीता म्हणायची. अध्याय वाटून घ्यायचे, घरातल्या मोठ्यांनी श्लोक म्हणायचे आणि मुलांनी अर्थ इंग्रजीत सांगायचा, असा नियम. अध्याय वाटून देणाऱ्या कावेरीताईंचा फोन आला, "अनुपमा, तुमच्याकडे पहिला हं!" शुभ्राने अर्थासाठी मला उघडलं.

"बाबा, देअर इज नो चॅप्टर वन. इट स्टार्ट्स फ्रॉम टू."

"नीट बघ, असेल," म्हणत गुणवंतने मला दोनदा चाळलं. नव्हताच. मग कुठे त्याने प्रस्तावना वाचली.

अनुपमाने देवघरातली आपली मराठी गीता काढली आणि जेवणाच्या टेबलावर लेकीला अर्थ सांगू लागली. "तो एवढा मोठा धनुर्धर. पण समोर आपलीच माणसं दिसल्यावर त्याचं अंग थरथरलं, तोंड कोरडं पडलं. धनुष्य टाकून रथात बसला, म्हणाला, मला राज्य नको, काही नको."

"सो ही वॉज पीसफुल?"

"नाही गं. गळून गेला होता. आणि तसं म्हणवत नव्हतं, म्हणून शहाण्यासारखं बोलत होता. त्याला नुसतं उठवायला पुढचे सतरा अध्याय लागले."

तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. गुणवंतने मला बंद केलं.

"अनु," तो म्हणाला, "मला फार भीती वाटतेय गं."

तिने त्याचा फोन त्याच्यासमोर सरकवला.

"अरे गुणवंतभाई, जिवंत आहेस म्हणायचा!" इद्रीसचा आवाज मलाही ऐकू आला. "उद्या सकाळी साइटवरच ये. व्हिसाचं मी बघतो, इन्शाल्ला. पण टाकीवर चढावं लागेल हां!"

"चढतो," गुणवंत म्हणाला. आणि चक्क हसला.

त्याच संध्याकाळी शुभ्राने पहिला अध्याय आपल्या शाळकरी इंग्रजीत लिहून काढला. ती पानं तिने माझ्या पुठ्ठ्याच्या आत, अगदी सुरुवातीला चिकटवली. माझ्या भाषांतरकाराने जे लिहिलं ते मनापासून लिहिलं, त्याच्याबद्दल मी वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. पण त्याला जे सोसलं नाही, ते या पोरीने निळ्या पेनने एका बैठकीत लिहिलं.

गुणवंत अजून अजमानलाच आहे. शुभ्रा आता शिकायला परदेशी निघालीय, आणि तिच्या बॅगेत स्वेटरांच्या मधे मी. ज्या मुलखात मी छापले गेले तिकडेच परत चाललेय, पण आता पुरी होऊन. तिकडे कुणी मला हातात घेतलं तर एवढंच करा, छापील पानाकडे घाई करू नका. आधी ते निळ्या पेनातलं, धनुर्धरापेक्षा तिच्या बाबालाच जास्त लागू पडणारं पहिलं वाक्य वाचा: "ही वॉज स्केअर्ड, अँड ही सेड सो."