मॅडमचा ताप

मित्रांनो, मी काचेचा आहे, जुना आहे आणि गोठ्यात राहतो. मला थर्मामीटर म्हणतात. पण तुम्ही आजारी पडलात की आई तुमच्या काखेत लावते, तो मी नव्हे. तो माझा नाजूक चुलतभाऊ. मी गुरांचा. अंगाने जाड, पोटात पारा आणि डोक्यावर काचेचे एक कडे. त्या कड्यात दोरा ओवलेला आहे आणि दोऱ्याच्या टोकाला चिमटा आहे. हा दोरा कशासाठी, ते सांगताना मला अजूनही थोडा संकोच वाटतो. माझे कामाचे ठिकाण शेपटीखाली असते. चिमटा शेपटीच्या केसांना लावून ठेवला नाही, तर आत गेलेला थर्मामीटर बाहेर येईलच असे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. यापेक्षा जास्त मी बोलणार नाही. कुणीतरी ते काम करायलाच हवे होते. देवाने माझी नेमणूक केली, मी कधी कुरकुर केली नाही.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. भट्टीजवळच्या कारागिराने माझी नळी ओढली आणि एका चष्मेवाल्या बाईने माझ्या अंगावर रेघा कोरल्या. तिच्या हातून एकशे आठमधला आठ जरा वाकडा झाला. पण पाऱ्याला तिथवर चढायची वेळच कधी येऊ नये, म्हणून त्याचे मला दुःख नाही.

पुढे बावीस वर्षे मी गुरांच्या डॉक्टरांच्या बॅगेत काढली. "हा कधी खोटं बोलत नाही," असे डॉक्टर म्हणायचे, आणि मी फुगायचो. काचेला जेवढे फुगता येते तेवढाच. मग एक दिवस बटणवाला नवा थर्मामीटर आला. तो टूं टूं करायचा. माझी रवानगी खणात झाली. तिथे मोडका कंगवा, वाळलेले पेन आणि मी, असे तिघे निवृत्त दोन वर्षे पडून होतो.

कडक उन्हाळ्यात एकदा डॉक्टरांनी मला बाहेर काढले, पुसले आणि वहिनींच्या हातात ठेवले. या बाईंना लहानथोर सगळे वहिनीच म्हणत. त्यांच्या गोठ्यात दोन गाई होत्या. एक तांबू. तिला वशिंड, गळ्याखाली लोंबणारी ऐसपैस पोळी, अंगावर आखूड चकचकीत केस. दुसरी काळीपांढरी, उंच, भरपूर दूध देणारी आणि ऊन म्हटले की नाक मुरडणारी. तिला मॅडम म्हणत.

"वहिनी, मॅडम गाभण आहे आणि ऊन वाईट आहे," डॉक्टर म्हणाले. "सकाळी एकदा, दुपारी एकदा हा लावा. ताप वाढला तर लगेच फोन करा. अशा उन्हात अंग फार तापलं तर पोटातलं वासरू जातं, कधी गायही जाते."

एवढे सांगून ते मोटारसायकलवर बसले. मित्रांनो, गाईचा नेहमीचा आकडा किती, हे सांगायचे राहून गेले. आपल्याला जे रोजचे ठाऊक असते, ते जगाला ठाऊक असणारच, असे शहाण्या माणसालाही वाटते.

आता या गोष्टीत भावजी येतात. भावजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. तीस वर्षे ते एका मोठ्या दवाखान्यात कंपाउंडर होते. नोकरीतून निवृत्त होऊन ते भावाच्या घरी राहायला आले, पण दवाखाना काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. घरात कुणी शिंकले की ते नाडी धरत. घरातली माणसे ठणठणीत असल्यामुळे बिचारे फार कंटाळले होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"द्या इकडे. ताप बघणं हा माझा प्रांत आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला झटकले, मॅडमला लावले, तीन मिनिटांनी काढले आणि उजेडात धरले.

"वहिनी! एकशे एक पॉइंट चार! चांगला फणफणलाय ताप!"

"अहो, पण ती निवांत रवंथ करतेय."

"म्हणून काय झालं? माणसं तापात चहा-बिस्किटं खात नाहीत?"

मग तांबूची पाळी आली. एकशे एक पॉइंट दोन. भावजींनी कपाळावर हात मारला. "दोघींनाही! साथ आहे वहिनी, साथ!"

"डॉक्टरांना फोन करू?"

"त्यांना कशाला ताप? मी आहे ना घरात!"

मी दोऱ्याला लटकून सगळे ऐकत होतो. गाईचे निरोगी अंगच मुळी एवढे ऊबदार असते, हे मला बावीस वर्षांपासून माहीत होते. तिच्या पोटात चारा आंबत राहतो आणि त्याची ऊब सुटते, जणू चूल गिळूनच ती हिंडत असते. पण आकडा दाखवणे एवढेच माझे काम. त्याचा अर्थ सांगायला मला तोंड नाही.

भावजींनी उपचार सुरू केले. तापाच्या माणसाला वारा लागू द्यायचा नसतो, म्हणून गोठ्याच्या खिडक्या बंद. दाराला गोणपाट. दोघींच्या पाठीवर एकेक ब्लँकेट. आणि वर पत्रा तापतो, म्हणून जमिनीवर चार बादल्या पाणी. वारा कोंडलेला, पाणी सांडलेले, पत्रा रसरसलेला. अकरा वाजेपर्यंत गोठ्यात नुसती वाफ भरली.

तांबूने खांबाला अंग घासून पाच मिनिटांत ब्लँकेट खाली पाडले आणि त्यावर शेण टाकले. तिचे मत तिने दिले. शिवाय देवाने तिला उन्हाळ्यासाठीच घडवलेले, तिला घाम भरपूर, कातडी सैल, पोटातली चूलही मंद. ती निभावून गेली.

मॅडमचे तसे नव्हते. पण तिला जेवढे माहीत होते तेवढे तिने सगळे केले. ती बसेना, कारण उभे राहिले की अंगाला चारी बाजूंनी हवा लागते. पण हवा होतीच कुठे? तिने चाऱ्याला तोंड लावले नाही, कारण प्रत्येक घास म्हणजे चुलीत आणखी एक लाकूड. तिने दोन बादल्या पाणी ओढले. तिला घाम आला, पण घाम वाळला तरच अंगातली उष्णता घेऊन जातो, आणि ब्लँकेटखाली, त्या दमट वाफेत तो वाळणार कसा? शेवटी मान पुढे काढून ती धापा टाकू लागली. श्वासाबरोबर ओल बाहेर जाते आणि अंग निवते, हा तिचा शेवटचा उपाय. तोंड उघडे पडले, लाळेची तार लोंबू लागली.

मी दाखवले एकशे तीन पॉइंट सहा.

"बघा, चढतोय," भावजी म्हणाले. "आणखी एक ब्लँकेट आणा."

"भावजी, इथे मला स्वतःला उभं राहवत नाही हो!"

"तुम्हाला ताप नाही ना, म्हणून."

वहिनी जागच्या हलल्या नाहीत. "मला वाटतं हा थर्मामीटरच बिघडलाय."

मित्रांनो, बावीस वर्षांत असा अपमान झाला नव्हता! भावजींनाही तो पटला नाही. "आत्ता खात्री करून देतो," म्हणत त्यांनी मला झटकले आणि जुन्या सवयीने सरळ तोंडाकडे नेले.

"भावजी!" वहिनी किंचाळल्या. "तो कुठून आलाय ते आठवा!"

भावजींचा हात ओठांपाशी थांबला. मग मला साबणाने तीनदा धुतले, गरज नसताना चौथ्यांदाही धुतले, आणि काखेत धरले. सत्त्याण्णव पॉइंट आठ.

"पाहिलंत? थर्मामीटर उत्तम आहे. गाईच आजारी आहेत!"

माझी अब्रू वाचली आणि मॅडमचा जीव आणखी धोक्यात आला. खरे बोलून एवढे वाईट मला कधी वाटले नव्हते.

तेवढ्यात अंगणातून थडथड आवाज आला. शेजारच्या दूधवाल्याचे वासरू सुटून आले होते आणि नळाभोवती उड्या मारत होते. वहिनींनी त्याला कवेत धरले. "भावजी, याला लावा."

वासराने भावजींना दोन लाथा दिल्या, पण मी माझे काम केले. एकशे एक पॉइंट आठ.

"अरे देवा," भावजी पुटपुटले, "साथ शेजारी पोचली."

"साथीत कुणी अशा उड्या मारतं का हो?" वहिनी म्हणाल्या. त्या वासराकडे बघत राहिल्या, मग गोठ्याकडे, मग भावजींकडे. "दवाखान्यात तुम्ही कुणाचे ताप बघत होता?"

"माणसांचे. आणखी कुणाचे?"

वहिनींनी धावत जाऊन गोणपाट ओढून काढले, खिडक्या सताड उघडल्या आणि डॉक्टरांना फोन लावला. तोवर भावजींनी मला पुन्हा मॅडमला लावले होते. त्यांनी आकडा वाचला तो अगदी हळू आवाजात. "एकशे चार पॉइंट आठ."

"आणि सकाळी किती होता?" फोनवर डॉक्टरांनी विचारले.

"एकशे एक पॉइंट चार. तेव्हाच ताप भरला होता, म्हणून आम्ही ब्लँकेट..."

"अहो, तो ताप नाही, ती गाय आहे! तेवढं तिचं अंग असतंच!" मग जरा थांबून, "कसलं ब्लँकेट?"

वहिनींनी सांगितले.

"नीट ऐका," डॉक्टर म्हणाले. "मला यायला दीड तास लागेल, तोवर थांबू नका. ब्लँकेट काढा. झाडाच्या सावलीत न्या. केसांच्या मुळापर्यंत भिजवा आणि लगेच वारा घाला. वाळत आलं की पुन्हा भिजवा. पाण्यानं नव्हे, पाणी वाळण्यानं ती निवते. नुसतं भिजवून कोंडू नका. प्यायला पुढ्यात पाणी ठेवा. चारा संध्याकाळी."

भावजी घरात धावले. आतून स्वतःच्या उशाजवळचा टेबलफॅन उचलून आणला, जो ते कुणाला हातही लावू देत नसत. दोन वायरी जोडून तो झाडाखाली लावला. मग बादल्या. नळ ते झाड, झाड ते नळ, सदरा चिंब, चप्पल एकीकडे. वहिनी मॅडमची मान चोळत होत्या आणि दुसरा हात तिच्या पोटावर ठेवून काहीतरी पुटपुटत होत्या.

"वासरू हलतंय का?" भावजींनी विचारले.

"नाही कळत."

पंधरा मिनिटांनी मी दाखवले एकशे चार पॉइंट चार. पुन्हा पाणी, पुन्हा वारा. एकशे तीन पॉइंट पाच. भावजींनी मला एवढ्या घाईने झटकले की मी नळावर आपटता आपटता वाचलो.

"हळू हो! एकच आहे आपल्याकडे," वहिनी म्हणाल्या. माझ्याविषयी इतक्या जिव्हाळ्याने खूप दिवसांत कुणी बोलले नव्हते.

एकशे दोन पॉइंट सहा. मॅडमने तोंड मिटले. लाळेची तार तुटली. आणि वहिनींच्या हाताखाली पोटाची कातडी आतून टुणकन उचलली गेली.

"हललं! भावजी, लाथ मारली बघा!"

भावजी मटकन मातीत बसले आणि डोळे पुसू लागले.

"रडताय?"

"घाम आहे," भावजी म्हणाले.

"वाळू द्या मग. निवाल."

डॉक्टर पोचले तेव्हा मॅडम रवंथ करत होती आणि भावजी तिच्यासमोर हात जोडून उभे होते. भावजींनीच मला लावले, उजेडात धरले आणि ते हर्षाने ओरडले, "एकशे एक पॉइंट सहा! भरपूर ताप आहे! सगळं ठीक आहे!"

पुढे तिला गोंडस कालवड झाली. माझ्या डबीवर आता भावजींच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 'माणसाचा अठ्ठ्याण्णव. गाईचा एकशे एक. आधी तिच्याकडे बघा, मग आकड्याकडे.' गेल्या महिन्यात भावजी स्वतः सर्दीने आडवे झाले. माझ्या त्या काखेतल्या चुलतभावाने एकशे एक पॉइंट चार दाखवला. वहिनी चहा घेऊन आल्या, आकडा बघितला आणि म्हणाल्या, "गाईच्या मानाने ठणठणीत आहात. उठा, पाणी भरायचंय." मग त्यांनी खिडकी उघडली आणि पंखा त्यांच्याकडे वळवला.

मित्रांनो, तुमच्या आसपास उन्हात उभे असलेले एखादे जनावर जीभ बाहेर काढून धापा टाकताना दिसले, तर त्याला सावली द्या, पाणी द्या, आणि त्याच्या अंगावरून वारा जाईल असे बघा. ते बोलत नाही. मीही बोलत नाही. आम्हा दोघांकडे कुणाला तरी नीट बघावे लागते. आणि मला वापरून झाले की धुऊन, पुसून, डबीत ठेवा.

तोंडात मात्र कुणी घालू नका.