बहादूरचं काळीज

मित्रांनो, मी लाल्या. हळ्ळीखेडजवळच्या जहागीरदारांच्या बागेतला म्हातारा चिंपांझी. तुमच्यासारखे हात, तुमच्यासारखे कान मला आहेत, आणि काळीजही तसंच आहे. त्या काळजाचीच ही कहाणी. दम टिकला तर पुरी सांगेन.

माझा जन्म आफ्रिकेच्या रानातला. शिकाऱ्यांनी आईला गोळी घातली आणि तिच्या पोटाला बिलगलेल्या मला ओढून काढलं. मग जहाज, मुंबईचा बाजार, आगगाडी आणि शेवटी निजामाच्या मुलखातला हा लोखंडी पिंजरा. त्यात आधीच एक चिंपांझी होता, बहादूर. मी कोपऱ्यात रडत बसलो, तर त्यानं मला कुशीत घेतलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांचे झालो.

आमची निगा हावगेप्पा आणि त्याची बायको सिद्धव्वा राखत. सिद्धव्वा आम्हाला 'अप्पा' म्हणायची, ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून भरवायची. पाहुणे आले की आम्हाला शेरवानी घालून ताशावर नाचवत. टाळ्या पडत, जिलेब्या मिळत. एरवी हलायला जागाच नव्हती. वळलं की गज आडवे यायचे. वर्षानुवर्षं बसून आमची अंगं सुटली. लोक म्हणत, "काय तब्येत आहे बघा!"

एका दुपारी नाचता नाचता बहादूर थांबला. त्यानं छातीवर हात ठेवला आणि कोसळला. मी त्याला हलवलं, उठवून बसवलं. त्याची मान लुळी पडली.

जहागीरदार संतापले. विष घातल्याचा आळ घेऊन त्यांनी हावगेप्पाला कोठडीत टाकलं. सिद्धव्वानं त्यांचे पाय धरले. "सरकार, लेकरावानी वाढवलंय आमी. ईख कामून घालू? डाक्तरला बोलवा, फाडून बघा!"

बिदरहून जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी बहादूरचं काळीज काढून जहागीरदारांपुढे धरलं. ते फुगलं होतं आणि जागोजागी पांढरं, चिवट झालं होतं.

"विष नाही, सरकार," डॉक्टर म्हणाले. "हे हृदय आतून हळूहळू मरत आलं होतं. कोंडलेल्या जिण्यानं असेल. ठाम मलाही सांगता येत नाही."

मग त्यांनी माझ्या छातीला नळी लावली. त्यांचा चेहरा उतरला. "याचंही तेच आहे. याला नाचवलंत, तर हा जागीच जाईल."

हावगेप्पा सुटला. पण लवकरच जहागीरदारांकडे लग्न निघालं. निरोप आला, "लाल्या नाचलाच पाहिजे. नाही तर कोठडी आहेच."

हावगेप्पानं साखळी उचलली. सिद्धव्वा पिंजऱ्याच्या दारात आडवी उभी राहिली.

"काय करायलास तू?"

"न्हाई नाचवलं तर मला जित्ता सोडणार न्हाईत गं."

"बहादूरच्या काळजानं तुला सोडवलं. आता ह्याचं काळीज तू फोडणार व्हय?"

हावगेप्पानं साखळी नेऊन विहिरीत टाकली.

त्याच दिवशी दोघांना फटके मारून बागेतून हाकललं. मला हात लावायची दुसऱ्या कुणाची हिंमत झाली नाही, म्हणून मी नाचलो नाही. असा मी वाचलो.

आता माझे पाय सुजलेत. आडवं झालं की श्वास कोंडतो, म्हणून गजांना धरून बसूनच असतो. नवा राखणदार लांबूनच खाणं फेकतो. काल सिद्धव्वा कुंपणाबाहेर आली होती. शिपाई तिच्या अंगावर धावला. जाता जाता ती ओरडली, "अप्पा, जेवलास का रं?"

मला ओ द्यायची होती. तोंड उघडलं, पण दमच पुरला नाही.

मित्रांनो, जनावर नाचताना दिसलं की टाळ्या वाजवू नका. कुणाला मायेनं वाढवाल, तर त्याला चढायला झाड ठेवा, पळायला रान ठेवा. पोटभर खाऊ घालून कोंडून ठेवणं ही माया नव्हे. आणि तुमच्यापैकी कुणी या वाटेनं येणार असेल, तर पिंजऱ्याची कडी तेवढी काढा. मला लांब जायचं नाही. कुंपणापर्यंत पोचलो तरी पुरे.

फक्त उशीर करू नका.