शिंगांच्या रंगाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पिंपळनेरच्या अलीकडे एका खेड्यात, तानुबाईंच्या घरी माझा मुक्काम. जन्माने मी तेलाचा. तेल संपल्यावर बाजारातल्या पत्रेवाल्याने मला झाकण बसवून दिलं. तानुबाई मला राखेने लख्ख घासायच्या आणि पळसाची वाळलेली फुलं माझ्यात भरायच्या. धुळवडीला ती उकळली की केशरी रंग तयार! "रंग करावा तर तानुअक्कानीच," असं गल्ली म्हणायची आणि मी फळीवर ऐटीत बसायचो.

आज मात्र तुमच्यापुढे मान वर करायची लाज वाटते.

झालं असं. पोळ्याला तानुबाईंच्या मुलाने, प्रेमराजने, बैलांची शिंगं रंगवायला गुलाबी भुकटी आणली. ती तेलात कालवून लावतात, भारी जहाल असते. थोडी उरली, पुडी फाटलेली. मी रिकामाच होतो. "पुढला पोळाले कामे येई," म्हणत त्याने ती माझ्यात ओतली आणि साफ विसरला. ना चिठ्ठी, ना खूण.

यंदा तानुबाईंचे गुडघे धरलेले, त्यामुळे पळसाची फुलं आलीच नाहीत. धुळवडीच्या सकाळी प्रेमराजच्या मुलीने, रत्नाने, मला खाली काढलं. "आजी, गुलाल शे!" ती ओरडली. "ले मग," चुलीपाशी बसलेल्या तानुबाई म्हणाल्या. मोठ्यांपैकी कोणी आत डोकावून पाहिलं नाही. शेजारचे किराणा दुकानदार सुगनचंद, त्यांची मुलगी विधी ही रत्नाची जिवलग मैत्रीण. "काय झकास रंग शे!" असं ती म्हणाली आणि खरं सांगतो, मी मूर्खासारखा सुखावलो. पुढच्याच क्षणी रत्नाने तिच्या तोंडावर मूठभर भुकटी उधळली.

"माय वं! मना डोया!"

विधी डोळा चोळायला लागली. तानुबाईंनी दुखरे गुडघे विसरून धावत येऊन तिचे हात धरले, तिला नळाखाली बसवलं आणि डोळ्यावर स्वच्छ पाण्याची धार धरली ती सोडलीच नाही. सुगनचंद धापा टाकत आले. "काय टाकलं रे पोरीच्या डोळ्यात?"

प्रेमराजने माझ्यात पाहिलं. त्याला लगेच आठवलं, चेहरा पार उतरला. पण सगळी गल्ली जमलेली! तो म्हणाला, "शेठ, तुमनाच दुकानना गुलाल शे."

सुगनचंदांनी कपाळावर हात मारून घेतला. "माझ्याच मालाने माझी पोर..." एवढंच बोलून ते विधीला घेऊन साक्रीला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. इकडे त्यांच्या बायकोने, लाडकुंवरबाईंनी, दुकानातला होता नव्हता तेवढा गुलाल रडत रडत उकिरड्यावर ओतला. प्रेमराज बघत उभा राहिला. मीही तिथेच होतो, पोटात ती भुकटी घेऊन.

मग साक्रीहून फोन आला. डॉक्टर म्हणत होते, हा साधा गुलाल दिसत नाही, डबा घेऊन या. तानुबाईंनी चिमूटभर भुकटी तेल लावलेल्या बोटावर चोळली. बोट चकचकीत गुलाबी झालं. त्या मुलाकडे वळल्या. "प्रेमराज, हाऊ पोळाना रंग शे. बोलना का नहीं रे तू?"

प्रेमराज मला काखेत मारून साक्रीला गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "शेठ, मी खोटं बोललो. गुलाल तुमचा नव्हता, शिंगांचा रंग होता. मीच ठेवला होता." सुगनचंदांनी तोंड फिरवलं.

डॉक्टर म्हणाले, आजींनी लगेच पाणी मारलं म्हणून डोळा वाचला. पण रंग कसला ते आधी कळतं, तर बरं झालं असतं. विधीला आता दिसतं, फक्त त्या डोळ्याने थोडं धूसर. वर्गात ती पुढच्या बाकावर बसते. रत्ना तिला फळ्यावरचं वाचून दाखवते.

मित्रांनो, शिंगांचा, भिंतीचा रंग घरातल्या डब्यात ठेवू नका. ठेवलाच, तर वर नाव लिहा. धुळवडीला डोळे जपा, आणि रंग गेलाच डोळ्यात, तर न चोळता पाण्याने धुवा. एवढं तर कोणीही सांगेल. माझं सांगणं निराळं आहे. मला बोलता येत नव्हतं, प्रेमराजला येत होतं. चूक झाली तर लाज वाटेल, वाटू द्या, पण तेव्हाच सांगून टाका. तुम्ही गप्प बसता, तेवढा वेळ दुसऱ्याचा डोळा जळत असतो.