फरशीखालचं मूळ

थंडी सरत आली तसा माझा पाय घरात ठरेना. मागच्या अंगणात जायचं, फरशीवर उभं राहायचं, पायाखाली बघायचं, परत आत यायचं. ओतलेला चहा तसाच निवायचा. सूनबाईनं थोडे दिवस बघितलं, मग म्हणाली, "आई, काही हरवलंय का?"

"तुझी अक्कल," मी म्हटलं. "शोधून देतेय."

हरवलं होतं ते फरशीखाली होतं, आणि फरशी बसवली होती माझ्याच लेकानं.

लेक फरशीचा मिस्त्री. लोकांची घरं आरशासारखी करून देतो आणि आमच्या अंगणात नळाखाली बारमाही चिखल. येईल त्याच्यासमोर मी त्याला ऐकवायची, "मिस्त्रीच्या आईनं बेडकासारखं राहायचं." खरं तर त्याच चिखलात मी एक रानफूल लावलं होतं. कालव्याच्या कडेचं मूळ, ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेलं. नाव कुणाला ठाऊक नाही. पायात पाणी असल्याशिवाय जगत नाही म्हणून मी तिला पाणढोशी म्हणते.

आणलं ते भोपळ्यासाठी. वेलाला फुलं ढीगभर, पण भोपळा धरेना. बोटाएवढा व्हायचा आणि पिवळा पडून गळायचा. सूनबाई ब्रश घेऊन या फुलातलं त्या फुलात करत बसायची. मी म्हणायची, वेलानं लग्नं जुळवायला बाई ठेवलीय. पण पाणढोशी कमरेएवढी झाली, गुलाबी झुबके आले, आणि मधमाशा, भुंगे, फुलपाखरं अशी लोटली की अंगणात कपडे वाळत घालायची चोरी. भोपळे वाटता वाटता आमचे हात दुखले.

बयेची खोड एकच. थंडी पडली की वरून पार वाळायची, नुसत्या काळ्या काड्या. मूळ मात्र जिवंत. बाकीची झाडं पालवून मोकळी झाली तरी ही झोपलेली. उन्हाची धग लागली की मग लालसर कोंब काढणार.

अशा काड्या झालेल्या असताना मी लेकीच्या बाळंतपणाला गेले. परत आले, मागचं दार उघडलं, तर अंगणभर फरशी. लेक हात मागे बांधून माझ्या तोंडाकडे बघत उभा. सुट्टीच्या दिवसांत एकट्यानं केलं होतं.

"आता घसरायची नाहीस," म्हणाला.

"आणि काड्या होत्या त्या?"

"मेल्या होत्या. काढून टाकल्या."

मी "बरं केलंस" म्हटलं. दुसरं काय म्हणणार? मूळ जिवंत आहे सांगितलं असतं तर त्यानं त्याच पावली छिन्नी आणली असती. मग मी कोण ठरले असते? फरशी नाही म्हणून बोलणारी आणि फरशी घातली म्हणूनही बोलणारी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

ऊन चढत चाललं. खाली कोंब फुटून डोकं आपटत असतील, या विचारानं मला बसवेना, की उठून बरं वाटेना. मिस्त्रीच्या घरात कान तयार होतात. फरशी नीट बसली नसेल तर पोकळ वाजते. मी पळीचा दांडा घेऊन एकेक ठोकत सुटले. एक पोकळ निघाली असती तर ती उखडायला सबब मिळाली असती. एक निघेल तर शपथ. इतकं चोख काम करायला कुणी सांगितलं होतं त्याला?

शेवटी सकाळी तो चहा घेत असताना मी बोलून गेले, "नळाजवळची ती फरशी पोकळ वाजते."

त्याचा कप तिथंच थांबला. सूनबाईनं माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्याच्या कानाखाली वाजवली. मिस्त्रीला कुठल्याही शिवीपेक्षा हा शब्द लागतो, आणि मला ते पुरतं ठाऊक होतं.

तो उकिडवा बसून ठोकू लागला. चारही कोपरे भरीव.

"कुठं पोकळ आहे?"

"मला ऐकू येतं."

"आई, तुला दाराची कडी वाजलेली ऐकू येत नाही."

तो उठला आणि छिन्नी-हातोडा घेऊन आला. मी थांब म्हणायला हवं होतं. पण म्हटलं नाही. चांगली फरशी, दोन घावांत तुकडे झाले. खाली सिमेंट-वाळूचा माल, दगडासारखा घट्ट. त्यानं माझा हात धरून त्यावर ठेवला. "सांग. कुठं राहिलंय पोकळ?"

मी भलतंच शोधत होते. "खालचा चिखल कुठं गेला?"

"चिखलावर फरशी टिकते होय? गुडघाभर खणून काढला, मुरूम भरला."

"आणि चिखल?"

"टाकला भिंतीपलीकडच्या चरात."

म्हणजे इतके दिवस मी मुरमावर येरझाऱ्या घालत होते. तशीच अनवाणी मागच्या फाटकातून गेले. चरात गढूळ पाणी, आमच्या चिखलाचा ढीग, त्यावर फरशीचे कापलेले तुकडे. आणि तुकड्यांच्या फटींतून लालसर कोंब, बोटबोटभर. माझ्या अंगणात कधी इतके जाड आले नव्हते.

लेक मागून आला. वाकून कोंब बघितले.

"या तणासाठी माझं काम पोकळ केलंस?"

"तण म्हणू नकोस."

"तोंड नव्हतं तुला? एरवी तर..." पुढचं त्यानं गिळलं. मग म्हणाला, "फरशी फुटलीच आहे. तिथं खड्डा ठेवू? परत लाव."

मी कोंबांकडे बघितलं. पाय पाण्यात, डोकं उन्हात. "नको. मुरमात तिचं काय आहे?"

तो वळला. मान लाल झाली होती. तो 'पोकळ' शब्द तो मरेपर्यंत वागवणार, मी त्याला ओळखते; माझ्याच पोटचा आहे. म्हणून भिंतीआडच्या सूनबाईलाही ऐकू जाईल असं म्हटलं, "काम चोख आहे तुझं. मी सगळ्या ठोकून बघितल्यात. एकही वाजली नाही."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यानं चरातला एक तुकडा उचलून बघितला. "त्या रंगाची फरशी आता मिळायची नाही," म्हणाला.

"मग दुसऱ्या रंगाची बसव," मी म्हटलं, आणि कोंबांवरचे तुकडे बाजूला करायला लागले.