पुंजाजींचे कान

अमरावतीच्या तंत्रनिकेतनात शिकवणारा अश्विन हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात पंचांगवाला म्हणून ओळखला जायचा. कोणत्या बँडवर, किती वाजता, कुठवर आवाज पोचेल याचा अंदाज देणारी एक वेबसाइट असते. दोन गावं टाकली की ती रंगीत आलेख काढून देते. अश्विन तो पाहून मुहूर्त सांगायचा, आणि सांगताना मान जरा ताठच ठेवायचा.

अकोल्याच्या पुंजाजींनीही त्याला मुहूर्त विचारला. पोलीस वायरलेसमधून निवृत्त झालेला माणूस. त्यांचा जुना सोबती खुशालराव पोर्ट ब्लेअरला लेकीकडे राहायला गेला होता. फोनवर दोघं रोज बोलत, पण मोर्सची टिकटिक एकदा तरी पुन्हा व्हावी, एवढीच हौस होती. अश्विनने आलेख पाहिला आणि सांगितलं, "चाळीस मीटरचा बँड. रविवारी दुपारी साडेबारा."

"सर, चाळीस मीटर तं दिवस कलल्यावर खुलते ना?"

"काकाजी, तो जमाना गेला. कॉम्प्युटर सांगून राहिला."

तीन रविवार पुंजाजी भरदुपारी सेटपुढे बसले. नुसती खरखर. मग क्लबाच्या बैठकीत अश्विन सगळ्यांदेखत म्हणाला, "काकाजी, एकदा कान तपासून घ्या." उचलली जीभ लावली टाळ्याला! सगळे हसले, पुंजाजीही हसले. पुढच्या आठवड्यात त्यांचा सेट, मोर्सच्या कळीसकट, क्लबात येऊन पडला. सोबत चिठ्ठी होती: पोरांच्या कामी येईल.

परवा वर्गात दाखवायला म्हणून अश्विनने तोच आलेख पुन्हा उघडला. त्यात अकोल्याचा सूर्योदय रात्री पाऊण वाजता होता. तो बघतच राहिला. मग खालची बारीक अक्षरं दिसली: सगळ्या वेळा जागतिक वेळेनुसार. म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ते साडेबारा म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे सहा. म्हातारा बरोबर होता. वर्गासमोर अश्विनचे कान तापले.

रविवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून, सेट मांडीवर घेऊन तो अकोल्याला निघाला. सूर्यावरच्या वादळांनी आवाज अडला होता, आता हवा सुधारली, असं सांगावं का? मूर्तिजापूर येईपर्यंत हे खोटं त्याने चांगलं घोटून ठेवलं.

अंगणात पुंजाजींच्या पत्नी दुर्गाबाई एरियलच्या तारेवर धुणं वाळत घालत होत्या. पुंजाजी बाजेवर बसले होते. कानात मशीन.

"डॉक्टर म्हने, कान ठणठणीत हायत," दुर्गाबाई म्हणाल्या. "पन हे आयकतेत कुठं! मशीन घेऊनच आले."

"सर कावून खोटं सांगतीन?" पुंजाजी म्हणाले.

घोटलेलं खोटं अश्विनने तिथंच टाकून दिलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "काकाजी, आलेखातली वेळ म्याच चुकीची वाचली," तो म्हणाला. "तुमचे कान चांगले हायत." पुंजाजींनी मशीन काढून खिशात टाकलं.

खुशालरावांना फोन केला. क्लबातल्या सगळ्यांनाही अश्विनने सहाला रेडिओ लावायला सांगितलं. ज्यांच्यासमोर हसं केलं, त्यांनी पुंजाजींचा मोर्सवरचा हात ऐकावा, असं त्याला वाटलं. धुणं उतरलं, तार वर चढली.

सहाला पोर्ट ब्लेअर आलं, अगदी टिचकी मारावी तसं स्वच्छ. पुंजाजींची पेन्सिल भराभर कागदावर चालू लागली. थोड्या वेळाने ती थांबली. त्यांनी कागद अश्विनपुढे सरकवला. खुशालरावांनी विचारलं होतं: तीन रविवार काय झालं होतं? मी पण कान तपासून आलो.

"सर, याचं उत्तर तुमी द्या," पुंजाजी म्हणाले, आणि कळ त्याच्याकडे फिरवली.

अख्खा क्लब ऐकत होता. अश्विनने खाली मान घालून, दोनदा अडखळत, एकेक अक्षर पाठवलं: चूक माझी. कान दोघांचेही चांगले.

"हात कच्चा हाय तुमचा," पुंजाजी म्हणाले. "पन समदं आयकू आलं."